सही वन्संची

वन्सं गेल्या त्याला दीड महिना झाला. मी तांदूळ निवडत बसले होते, रोह्याहून भाच्याचा फोन आला. “मामी, आई गेली… मामाला तूच सांग.” मामा म्हणजे आमचे हे, वन्संचे सख्खे धाकटे भाऊ. आठ वर्षं ते बहिणीशी बोलले नव्हते, आणि त्याला कारण मी. हे लिहायला मला दीड महिना लागला.

सुनंदा वन्सं रोह्याला एका खासगी दवाखान्यात वॉर्डात मावशी म्हणून कामाला होत्या. आमच्या हमरापुरात कुणाला काही दुखलं-खुपलं की पहिला फोन त्यांना. “ओळख हाय आपली, या,” असं त्या म्हणाल्या की माणसं पेणहून निर्धास्त गाडीत बसायची. डॉक्टर काय शिकलाय, कसा आहे, कुणी विचारलं नाही. वन्सं आहेत ना, मग झालं तर! तोंडाने फटकळ, माझ्याहूनही. लग्नानंतर मी पहिला चहा केला तेव्हा “गो, साखरेचं पोतंच वतलंस काय यात?” म्हणून चारचौघांत माझी पार शोभा केली, आणि वर दुसरा कप मागितला.

आमची दीप्ती आठ वर्षांची होती. गणपतीला पंधरा दिवस उरलेले, आमच्या मूर्तींच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, माल उचलायला टेम्पो दारात उभे, हे माल पोचवायला बाहेर. पोरीचं पोट सारखं दुखायचं. मी तिला वन्संकडे धाडून दिली, म्हटलं दाखवून आणा, हातातलं उरकलं की न्यायला येते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन. डॉक्टर म्हणतायत अपेंडिक्स आहे, आजच काढायला हवं, फुटलं तर जिवावर बेतेल. मालती, तू ये, मग सही करू… असं त्या दोनदा म्हणाल्या. माझ्या हातात ब्रश, पुढ्यात पन्नास मूर्ती. खरं सांगते, काळजी वाटायच्या आधी मला राग आला, कामाचा खोळंबा झाला म्हणून. “तुम्ही हाव ना तिथं? करा सही. मी काय येऊन कापनार हाय?” म्हटलं, आणि फोन ठेवला. ऑपरेशन झालं. पोटदुखी मात्र थांबली नाही.

दोन वर्षांनी पनवेलच्या एका डॉक्टरीणबाईंनी जुने कागद चाळले आणि सांगून टाकलं. ऑपरेशनाआधीची सोनोग्राफी साफ होती. कापायची काही गरजच नव्हती. मग कळलं, त्या दवाखान्यात अशी बरीच पोरं कापली होती. घरी आल्यावर ह्यांनी मला विचारलं, कुणाच्या परवानगीनं झालं हे? ह्यांचा चेहरा बघून मी घाबरले. आणि मग तोंडातून निघून गेलं, वन्संनी केलं, मला कुठे विचारलं त्यांनी?

एवढंच. त्या दिवसापासून बहीणभाऊ तुटले. डॉक्टरवरचा राग कुठे काढणार, तो काचेच्या दाराआड. वन्सं आपल्या होत्या, हाताशी होत्या, म्हणून सगळा त्यांच्यावर निघाला. वन्संनी मात्र एकदाही सांगितलं नाही की मालतीला विचारलं होतं.

उलट त्या घरोघरी फिरल्या. ज्या पोरांना आपण नेलं त्यांच्या आईबापांपुढे उभ्या राहिल्या, शिव्या खाल्ल्या, कागद गोळा केले. डॉक्टरवर चौकशी लागली तेव्हा जबाब दिला, नोकरी गेली. डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून दुसरीकडे गेला; त्याच्या तोंडून ‘चुकलं’ एवढा शब्द कुणी ऐकला नाही. केसला अजून तारखा पडतायत.

एकदा त्या आमच्याकडेही आल्या होत्या. हे आतल्या खोलीत बसून राहिले. दारातच वन्सं हळू आवाजात म्हणाल्या, “मालती, फोनचं मी कुनाला बोलले नाय, बोलनार पन नाय. दीप्तीच्या तक्रारीच्या कागदावर सही दे फक्त.”

सही दिली तर चौकशीत विचारतील, मग ह्यांना कळेल, याच भीतीनं मी म्हटलं, “जावा वन्सं, हे घरात हायेत.” रोह्याहून उन्हातून आलेल्या बाईला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. मेल्या जिभेला काय झालं होतं, देव जाणे.

तेराव्याला त्यांच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर एक पिशवी मिळाली. त्यात सगळ्या पोरांचे कागद, एकेकाचे वेगळे बांधलेले, वर मोठ्या अक्षरात नावं. दीप्तीचेही होते. ह्यांनी संमतीपत्र उघडलं. सही वन्संची, नातं आत्या. त्यावरून बोट फिरवत हे म्हणाले, “तायनं एकदा इचारायला पायजे व्हतं गो.”

मी आठ वर्षं जे गिळलं होतं ते आता गिळवेना.

“इचारलेलं. मीच करा म्हटलं.”

ओरडतील असं वाटलं होतं. नाही ओरडले. पिशवीतून सही व्हायचा राहिलेला तक्रारीचा अर्ज काढला. सहीच्या जागी वन्संनी पेन्सिलीनं बारीक फुली करून ठेवली होती. मी हात पुढे केला, पण ह्यांनी कागद माझ्या हाताशेजारून दारात उभ्या दीप्तीकडे दिला. म्हणाले, तू आता अठराची झालीस, तुझं तू बघ.

ती खाली बसली. कागद पुरता वाचला, न कळलेलं भाच्याला विचारलं, आणि मग सही केली.