आईला कळेल अशी चूक

महाडच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. कंपायलर शिकवणारे सर पोलादपूरकडचे. त्यांच्या पिशवीत कायम जुन्या लग्नपत्रिका. मुलांनी पत्रिकेतल्या मजकुराला टॅग लावायचे, इथे नवरीचं नाव सुरू, इथे संपलं. आणि ते टॅग तपासून पत्रिकेचं वेबपेज करणारा छोटा कंपायलर स्वतः लिहायचा. पत्रिकेत काय काय असलंच पाहिजे, ते नियम सर फळ्यावर देतात. 'संपलं'चा टॅग लावायचा राहून टॅग उघडा राहिला की त्यांना चैन पडत नाही. माझ्या टेबलावरच्या पेनाचं टोपणही ते जाता जाता लावतात.

एक हट्ट मात्र पक्का. "कंपायलरने चूक दाखवायची ती मराठीत. घरी आईला वाचून कळली पाहिजे."

गेल्या महिन्यात वरंधच्या एका मुलीने बहिणीच्याच लग्नाची पत्रिका घेतली. निमंत्रक म्हणून एकट्या आईचं नाव होतं. स्क्रीनवर आलं, 'वडिलांचं नाव नाही. पत्रिका होणार नाही.' मागे कोणीतरी हसलं.

"सर, ते आम्हाला सोडून गेलेत," ती म्हणाली. "तरी टाकू का नाव?"

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. एरवी वर्गात पुस्तकी बोलणारा माणूस, पण तोंडून गावचं निघालं. "नको गो. चूक तुझी नाय. नियम चुकलाय, आनि तो माझा हाय."

फळ्यावरचं 'वडील' पुसून त्यांनी 'घरातलं कोणीही' लिहिलं आणि सगळ्या वर्गाला कंपायलर दुरुस्त करायला लावला. मग तीच पत्रिका प्रत्येक मशीनवर स्वतः चालवून बघितली.

तास संपवून सर गेले तेव्हा त्यांचा मार्कर फळ्याखाली उघडाच पडला होता. टोपण मी लावलं.