चाळणीचा न गाळलेला नमुना

लॅबमध्ये त्याला सगळे ‘चाळणी’ म्हणत. तयार केलेला प्रत्येक पदार्थ हा गृहस्थ धुवायचा, गाळायचा आणि समाधान झालं नाही तर पुन्हा गाळायचा. चहासुद्धा दोनदा गाळतो अशी त्याची टर उडवत, आणि ते खरंच होतं.

तो करोनावरचं औषध शोधत होता. विषाणूने रूप पालटलं, की त्याच्या आधीच्या औषधाचे तीन तेरा वाजायचे. मग नवा रेणू, नवी चाचणी, नवा फज्जा. दुसऱ्या कुणी केव्हाच नाद सोडला असता. पण चाळणीच्या घरी ताई होती. किडनी बदलल्यापासून तिला लस लागू पडत नव्हती. साध्या लागणीनेही ती गेली असती. म्हणून ती आतल्या खोलीत राहायची, आणि बहीणभाऊ दाराच्या काचेतून बोलायचे.

“तुझं औषध आलं ना, की आधी तुझ्याशेजारी बसून जेवणार,” ती म्हणायची.

एके दिवशी ताईला ताप भरला. चाळणी नुकताच बनवलेला नमुना न गाळताच टाकून घरी पळाला. ताप साधाच निघाला. इकडे सहकाऱ्याने तो न गाळलेला नमुना तसाच चाचणीला लावला. विषाणू वाढण्यासाठी आपल्याजवळची, प्रथिनं कापणारी एक कात्री वापरतो. नमुन्याने ती पार बंद पाडली, तीही नव्याजुन्या सगळ्या अवतारांची. लॅबमध्ये लोक नाचायचेच बाकी होते.

“ताई, सापडलं गं!” त्याने काचेवर हात ठेवून सांगितलं. दोघंही ढसाढसा रडली.

मग त्याने तोच रेणू मन लावून, धुऊन-गाळून बनवला. कात्री मजेत चालत राहिली. परत बनवला, परत तेच. माशी कुठे शिंकली ते कुणाला कळेना. शेवटी प्रमुख बाईंनी जुना नमुनाच तपासायला लावला. रेणू जोडताना वापरलेल्या धातूचा अंश त्यात राहून गेला होता. कात्री अडवली होती ती त्या धातूने. रेणूने काडीचंही काम केलं नव्हतं.

“तेव्हाच गाळलं असतंस तर इतकी आशा लागली नसती रे,” बाई म्हणाल्या. जन्मभर गाळत आलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

घरी त्याने काचेशी बसून सगळं सांगितलं.

“मग ती घाणच दे की मला!”

“विषारी धातू आहे तो. विषाणूआधी तूच जाशील.”

ताई हसली. मग उठून दाराशी आली. आणि आतली कडी निघाली.

“अगं, काय करतेस? मी बाहेरून आलोय!”

“सरक तिकडे. किती वर्षं वाट बघायची माणसाने?”

ती आपलं ताट घेऊन त्याला खेटून बसली. तिचे केस पिकले होते, ते काचेतून कधी दिसलं नव्हतं. त्याला आनंद झाला, खूप झाला.

“जेव ना,” ती म्हणाली.

पण त्याने तोंड उघडलं नाही. तो श्वास रोखून बसला होता.