जाळं बाजूला ठेवा

फोटोवाल्या तात्यांनी उभ्या आयुष्यात एकाही भोयाचा फोटो जाळ्यासह काढला नाही. धरणाकाठच्या आमच्या भोईगल्लीत स्टुडिओ एकच, त्यांचा. ते स्वतः भोयाच्याच पोटचे. गिऱ्हाईक दारात आलं की कॅमेऱ्याला हात लावण्याआधी ते म्हणत, "जाळं बाजूला ठेवा. हात धुऊन या."

स्टुडिओत खुंटीवर एक काळा कोट असे. ट्रकच्या ट्यूबवर बसून दिवसभर मासे धरणारा माणूस तो कोट चढवी आणि रंगवलेल्या राजवाड्यासमोर, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राही. काही घरांत बाप आणि लेक दोघंही त्याच कोटात भिंतीवर आहेत.

कारण विचारलं तर तात्या एकच सांगत. "शाळेत मला दाराजवळ बसवायचे. वास येतो म्हणून. फोटोला वास येत न्हाई."

कौसाक्का तेलगावच्या बाजारात मासे विकत. एकदा त्या डोक्यावरच्या पाटीसकट आत शिरल्या. तात्यांनी पाटी बाहेर ठेवायला लावली.

"पाटीबिगर मला कोण वळखंल?"

"वळखू नये म्हणूनच काढतोय, आक्का."

फोटोत कौसाक्का एखाद्या पाटलीणबाईसारख्या दिसतात. तो त्यांनी देवाशेजारी लावला.

धरणातल्या मासेमारीचा ठेका भोयांच्या संस्थेकडे होता. मुदत संपली तेव्हा बड्या शेतकऱ्यांच्या एका नव्या संस्थेनेही अर्ज केला. गल्लीतले लोक पिढीजात मच्छीमार नाहीतच, अशी हरकत घेतली. मत्स्यव्यवसाय कार्यालयाने जुना पुरावा मागितला. नदीकाठचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा कागद गेले होते. पण तात्यांची फोटोंची पत्र्याची पेटी वाचली होती. गल्ली निर्धास्त होती. "कागद कावून पायजेत? आख्खी गल्ली पेटीत हाय," तात्यांचा धाकटा भाऊ म्हणाला. पेटी आधी कुणी उघडून पाहिली नाही.

सुनावणीला मी वार्ताहर म्हणून बसलो होतो. अधिकाऱ्यांनी एकेक फोटो पाहिला.

"यात मासे धरणारा कोण?"

"सगळेच, साहेब."

"जाळं कुठं आहे?"

नव्या संस्थेच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हे तर आमच्यापेक्षा मोठे जमीनदार हायेत बे!" लोक हसले.

तात्या उठले. "जाळं म्याच बाजूला ठेवायला लावलं, साहेब. प्रत्येक टायमाला. दाराबाहेरच पडलेलं असायचं."

त्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं गेलं. ठेका नव्या संस्थेला मिळाला. मी चार ओळींची बातमी दिली.

गल्लीत तात्यांना कुणी शिवी दिली नाही. कौसाक्का तेवढ्या म्हणाल्या, "वळखलं न्हाई बगा कुणी."

पुढं धरणात उतरायला नव्या संस्थेचा पास लागू लागला. भोई तिथंच, त्याच पाण्यात, रोजंदारीवर जाऊ लागले. पासवर फोटो हवा होता. ते सगळे तात्यांनी काढले. माणूस जसा आला तसा, पाण्यातून निघालेला, ओला. त्यानंतर त्यांनी स्टुडिओ बंद केला; मग दोन वर्षंही जगले नाहीत.

स्टुडिओ बंद केला त्याच सुमारास तयार पास वाटायला आले, तेव्हा तात्यांनी भावाचा पास हातात घेतला. नावाखाली छापलं होतं, 'काम: मजुरी'. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पास त्याच्याकडे दिला.

भावाने तो उजेडात धरला.

"फोटो लई चांगला आलाय, तात्या," तो म्हणाला.