अप्पर विंबरीचे मोजणीदार

मी इंग्लंडला जाऊन चुकीच्या गावाचे फोटो काढून आणले. एक-दोन नव्हे, फोनमधली जागा संपेपर्यंत काढले, आणि परतीच्या विमानात ते पुन्हा पुन्हा पाहून स्वतःवर खूश होत राहिलो. ही चूक पकडली माझ्या बायकोच्या मामांनी, ज्यांनी इंग्लंड विमानतळापुरतंसुद्धा पाहिलेलं नाही. पण आज पृथ्वीच्या पाठीवर अप्पर विंबरी या गावाची मामांइतकी खडान्‌खडा माहिती असलेला दुसरा माणूस सापडणार नाही, आणि हे म्हणताना मी खुद्द अप्पर विंबरीत राहणारी माणसंही हिशेबात धरतो आहे.

मामा पुण्याला सरकारी मोजणी खात्यात होते. लोकांच्या शेतांचे बांध मोजण्यात आणि भावाभावांच्या शिव्या खाण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांना मूलबाळ नाही. माझी बायको त्यांच्याच घरी वाढली. मामी गेल्यावर तिने त्यांना इकडे न्यूझीलंडला, अप्पर हट नावाच्या आमच्या गावात आणलं. पहिल्याच उन्हाळ्यात मामांनी घराच्या दक्षिणेकडच्या ओट्यावर सांडगे वाळत घातले. आठवडाभरात त्यांना हिरवी लव फुटली. मामा कंपास घेऊन बाहेर गेले, बराच वेळ आकाशाकडे पाहत उभे राहिले आणि आत येऊन गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, इथला सूर्य उत्तरेकडून जातो. इतकी वर्षं राहताय, घरात कुणी बोललं नाही." मला ते खरोखरच माहीत नव्हतं. मी संगणकावर काम करतो. खिडकीशी माझा संबंध पडदा ओढण्यापुरता.

कुंपणापलीकडे डोरोथीबाई राहतात. नवरा गेला, मुलगा ऑस्ट्रेलियात. शाळेत जायच्या वयात त्या आईबापांबरोबर बोटीने इकडे आल्या आणि परत कधी गेल्या नाहीत. मामांनी त्यांना एकदा कुंपणावरून लसणाची चटणी दिली, त्यांनी मामांना आल्याची बिस्किटं दिली, आणि मग मामांनी खात्यातला सवयीचा प्रश्न विचारला: "मूळ गाव कोणतं?" हा प्रश्न बाईंना बहुधा फार वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी मामा दुपारच्या चहाला गेले ते संध्याकाळच्या जेवणाला आले, आणि ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "त्यांच्याकडे बुद्रुक आणि खुर्द आहे. आपल्यासारखंच. अप्पर विंबरी आणि लोअर विंबरी. मधे ओढा आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण."

तिथून मामांनी अप्पर विंबरीची मोजणी काढली. रोज दुपारी बाईंनी डोळे मिटून गावातून चालायचं आणि मामांनी मागून जाब विचारत जायचं. लोहाराच्या दुकानापासून चर्च दिसतं का? मग मधे पेरूचं झाड म्हणता ते कुठे गेलं? पेरू नव्हे, पेअर? बरं, नासपती. गिरणीचं चाक फिरायचं त्याचा आवाज तुमच्या खोलीत यायचा की स्वयंपाकघरात? जुन्या कॅलेंडरांच्या पाठी चिकटवून केलेला नकाशा आमच्या गॅरेजच्या भिंतीवर लागला आणि तो वाढत गेला तशी माझी गाडी सरकत सरकत रस्त्यावर गेली. मी तक्रार केली तर मामा म्हणाले, "तुमची गाडी फुटपाथला राहील. तळं कुठे ठेवू?"

त्या तळ्यावरून तर दोघांचं चांगलंच वाजलं. बाईंचं म्हणणं, तळं चर्चच्या दक्षिणेला. भर दुपारी चर्चची सावली त्याच्यावर पडायची आणि बदकं सावलीत गोळा व्हायची. मामा म्हणाले, शक्य नाही. विंबरीत सूर्य दक्षिणेकडून जातो, सावली उत्तरेला पडणार. तुमचं तळं सरकलंय. बाई संतापल्या. माझ्या बदकांबद्दल मला शिकवू नका म्हणाल्या. दोन दिवस कुंपणावरून बिस्किटं आली नाहीत. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः काठी टेकत आल्या आणि गॅरेजमध्ये नकाशासमोर उभं राहून म्हणाल्या, "इथे राहून राहून मी माझ्या गावावरही इथलाच सूर्य लावला होता." मामांनी रबराने तळं खोडलं आणि चर्चच्या उत्तरेला काढलं. बदकांसकट.

मामांचा इतिहासही पक्का झाला. अप्पर विंबरीच्या चर्चचा मनोरा चौकोनी आणि बुटका, कारण बांधता बांधता दगड संपला. लोअर विंबरीच्या चर्चला उंच टोकदार सुळका आहे, त्याची त्यांना घमेंड. "देवाला टोचायची आम्हाला हौस नाही," असं अप्परवाले म्हणत. एकदा अप्परचा मनोरा दुरुस्तीला काढला तेव्हा त्यांनी आपली घंटा सांभाळायला म्हणून लोअरला दिली. ती लोअरवाल्यांनी टांगून वाजवायलाच सुरुवात केली आणि परत दिली नाही. ही हकिकत सांगताना मामांचा आवाज असा भरून येई की ती घंटा त्यांच्या देवघरातून गेली असं वाटावं. वेलिंग्टनच्या गणपतीत मुलांना गोष्ट सांगायला त्यांना उभं केलं, तर त्यांनी हीच सांगितली. शेवटी एका लहान मुलीने विचारलं, "सो डिड दे गेट इट बॅक?" मामा म्हणाले, "अजून नाही." "दॅट्स हीप्स मीन," फारच दुष्टपणा हा, असं ती इथल्या बोलीत म्हणाली, आणि मामांनी तिला दोन मोदक जास्त दिले. रेल्वेत तिकीट तपासनीसाने सहज विचारलं, कुठले तुम्ही, तर म्हणाले, "पुणे. बट अप्पर विंबरी ऑल्सो." पुढे पुढे तर त्यांनी शनिवारी माझ्याबरोबर शेजारच्या लोअर हट गावच्या भाजीबाजारात येणंही सोडलं. म्हणे, लोअरवाल्यांचा भरवसा नाही.

अशात बाईंची नजर जायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, आता थोडाच काळ दिसेल. बाई रडल्या-बिडल्या नाहीत. पण ऑफिसच्या कामाला मला इंग्लंडला जायचंय हे कळल्यावर त्या आमच्या दारात आल्या. "माझं घर बघून येशील? तळ्याच्या समोरचं, नासपतीचं झाड असलेलं. आणि फोटो काढ. मोठे करून दाखवलेस तर मला अजून दिसतील." मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या भाषेत, काळजीच नको. असं मी सहसा अशाच वेळी म्हणतो, जेव्हा पुढे घोटाळा व्हायचा असतो. मामांनी विमानतळावर मला नकाशाची नक्कल दिली आणि बजावलं, "ओढा ओलांडायचा नाही."

मी ओढा ओलांडला. त्या दिवशी पाऊस होता, भाड्याची गाडी होती, आणि दोन्ही बाजूंना उंच कुंपणं असलेला रस्ता एका गाडीला पुरेल इतकाच होता. समोरून ट्रॅक्टर आला. मला रिव्हर्स धड येत नाही. मागे जाता जाता मी दुसऱ्याच फाट्याला लागलो आणि पुढे एक सुरेख गाव आलं. चर्च होतं, तळं होतं, बदकं होती, आणि पबमध्ये गरम 'पाय', म्हणजे खिमा भरलेली जाडजूड करंजी, मिळत होता. पाटीवर लोअर विंबरी लिहिलेलं मला दिसलं. खोटं कशाला सांगू, दिसलं. पण पाय खाता खाता मी विचार केला, आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द यांच्यात एका रस्त्याचाच फरक असतो. म्हातारीला काय फरक पडणार? नकाशा गाडीत होता, आणि गाडीपर्यंत जायचं तर भिजावं लागलं असतं. मी पबच्या दारात उभा राहून छपराखालून सगळं टिपलं.

घरी आलो त्या रविवारी बाई चारला फोटो बघायला येणार होत्या. त्याआधी मामांनी टीव्हीवर पहिला फोटो लावायला सांगितला. तो त्यांनी जेमतेम पाहिला.

"हा सुळका कुणाचा?"

"चर्चचा," मी म्हणालो.

"चर्चचा ते दिसतंय. अप्परला सुळका नाही. दगड संपला होता."

"मामा, नंतर बांधला असेल."

"आणि दिवाळीला परत घंटा आणली असेल त्यांनी." मामा खुर्चीतून उठले. "जावईबापू, तुम्ही ओढा ओलांडलात."

मी ट्रॅक्टरचं सांगितलं. पायचं सांगितलं नाही. ते बायकोने सांगितलं, कारण तिला मी पायचाही फोटो पाठवला होता. मामांनी माझ्याकडे बांध सरकवणाऱ्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मी म्हणालो, बाईंना खरं सांगून टाकू, पुढच्या वेळी पुन्हा जाईन. मामा खिडकीशी गेले. पलीकडे डोरोथीबाई पायऱ्या चाचपत उतरत होत्या. बिस्किटांचा डबा हातात, आणि अंगावर एरवी त्या घालत नाहीत तो निळा कोट.

"पुढच्या वेळी त्यांना काय दिसणार आहे?" मामा म्हणाले. "तुम्ही फक्त बटण दाबा. बोलू नका."

बाईंना टीव्हीच्या अगदी जवळ बसवलं. मी बटण दाबलं. पडद्यावर लोअर विंबरीचं तळं आलं आणि मामांनी अप्पर विंबरी सांगायला सुरुवात केली. इंग्रजी त्यांचं खात्यातलं, पण त्या दिवशी ते कुठे अडलं नाही. हे लोहाराचं दुकान, आता बंद आहे, पण दार तसंच. हा उतार, इथे तुम्ही पडला होतात. ही चर्चची भिंत, बुटकी. ही सावली, बघा, तळ्यावर, उत्तरेला. मी त्या वेळी पबचा आणि त्यातल्या कुत्र्याचा फोटो दाखवत होतो. बाई हात पुढे करून पडद्याला बोट लावायच्या आणि म्हणायच्या, "आणि इथे फाटक." "फाटक," मामा म्हणायचे. "जरा कलंडलंय." "ते पहिल्यापासूनच तसं होतं." एका ठिकाणी मामा थांबले. बाईंनी हळूच विचारलं, "झाड आहे का?" पडद्यावर पार्किंगमधल्या गाड्या होत्या. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आहे," ते म्हणाले. "भरलंय." बाई बराच वेळ त्या गाड्यांकडे पाहत राहिल्या.

मग बाई उठल्या. मामांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि धन्यवाद म्हणाल्या. त्यांना घरापर्यंत सोडायला मी गेलो, कारण मामा तोंड धुवायला म्हणून आत गेले ते बाहेर येईनात. बाहेर रिमुटाकाच्या डोंगरांवर संध्याकाळचं ऊन होतं, उत्तरेकडून उतरणारं, आमचं. फाटकाशी बाई थांबल्या.

"फोटोतला सुळका," त्या म्हणाल्या. "तो मला अजून दिसतो."

मी उगाच फाटकाची कडी काढत बसलो.

"मामांना सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "किती छान सांगत होते. मी तिथे राहत होते तेव्हाही गाव इतकं छान नव्हतं." दार उघडून त्या आत गेल्या आणि पुन्हा बाहेर डोकावल्या. "घंटा दिसली का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"चोर लेकाचे," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

मी परत आलो तेव्हा मामा गॅरेजमध्ये नकाशासमोर उभे होते. तळ्याच्या कडेला नासपतीच्या झाडावर ते बारीक पेन्सिलीने फळं काढत होते.

"काय म्हणाल्या बाई?"

"फोटो आवडले म्हणाल्या."

मामांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि सुस्कारा सोडला.

"दिसत नाही बिचारीला, म्हणून वाचलात जावईबापू. नाहीतर तुम्हाला मी त्या ओढ्यापलीकडेच ठेवून आलो असतो. तिथलेच आहात तुम्ही."