हळदकुंकू लावलेला सर्व्हर

भिलाईला कोणी फिरायला जातं का, असं मला घरच्यांनी विचारलं, ऑफिसातल्यांनी विचारलं. मी एक सर्व्हर बघायला चालले होते. हे उत्तर ऐकल्यावर पुढे कोणी काही विचारलं नाही.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही काही मराठी मंडळी इंटरनेटवर ज्या जाळ्यात गप्पा मारतो त्याला मालक नाही. सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं. कुणीही उतरवून घ्यावं, घरच्या संगणकावर बसवावं आणि चार लोकांना जागा द्यावी. असे असंख्य छोटे सर्व्हर एकमेकांशी बोलत असतात. माझं खातं पुण्याच्या सर्व्हरवर आहे, पण जीव जडला तो भिलाईच्या 'मोहफूल'वर. तो चालवणारे लांजेवार काका स्टील प्लांटात नोकरीला, मूळचे भंडाऱ्याकडचे. सर्व्हर ठेवलाय कुठे, असं मी एकदा सहज विचारलं, तर उत्तर आलं, 'घरीच. पाहाले ये.' मग काय, निघाले.

नागपूरहून सकाळची गाडी धरली तर जेवणाच्या वेळेपर्यंत भिलाईशेजारचं दुर्ग येतं. गोंदियानंतर जंगल लागतं, डोंगरगडचं टेकडीवरचं देऊळ खिडकीतूनच दिसतं, आणि डब्यातली मराठी हळूहळू हिंदी होत जाते. दुर्गला स्टेशनाबाहेरचा पहिला ऑटोवाला तोंडाला येईल तो भाव सांगेल. त्याला हसून पुढे जा, शेअर ऑटो स्वस्तात भिलाईच्या सेक्टरांपर्यंत सोडतो. रस्ते रुंद, दुतर्फा झाडं, आणि कंपनीची क्वार्टर्स इतकी एकसारखी की मी आधी भलत्याच दारात उभी राहिले.

'मोहफूल' म्हणजे पिवळट पडलेला एक जुना संगणकाचा डबा. बैठकीच्या कोपऱ्यात, धान्याच्या कोठीवर ठेवलेला. वर भरतकामाचा रुमाल, समोर हळदकुंकवाची बोटं आणि वाळलेली झेंडूची माळ. विश्वकर्मा पूजेला प्लांटात मशीनची पूजा होते, तशी काकूंनी याचीही केली होती. माझ्या चेहऱ्यावरचं हसू बघून त्या म्हणाल्या, "आमचे पोट्टे घराबाहेर हिंदीच बोलतेत बेटा. याच्यावर तेवढं मराठीत लिवतेत. मंग याले हात जोडाव नाही का?"

मी मान डोलावली आणि पाटावर बसले. भात, लाखोळीची डाळ, पाटोडीचा झणझणीत रस्सा. काकू आग्रहाने वाढत होत्या. मी डाव्या हाताने कोपऱ्याचा फोटो काढला आणि जेवता जेवताच पोस्ट टाकली: 'मोहफूल सारखा बंद का पडतो, हे कोडं सुटलं! सर्व्हर धान्याच्या कोठीवर, देखभाल देवाच्या हाती, अपडेट काकूंच्या उदबत्तीने.' पुण्याकडून हशा सुरू झाला. वाहवा मिळाली की मला जास्तच भूक लागते. मी आणखी भात मागितला.

आपलं खातं दुसऱ्या सर्व्हरवर असलं की दुसऱ्या गावात बसून बोलल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात 'मोहफूल'ची निम्मी मंडळी माझं लिखाण वाचतात, काकूही वाचतात. म्हणजे माझी थट्टा पुण्याला जाऊन उलटपावली त्याच डब्यात, माझ्या ताटाच्या पलीकडे येऊन बसली होती. हे जाळं कसं चालतं ते मी लोकांना शिकवते. तरी त्या वेळी डोक्यात एवढंच होतं की वाक्य झकास जमलंय.

दुपारी काका मला मैत्री बाग, म्हणजे इथलं प्राणिसंग्रहालय, दाखवायला घेऊन गेले. मुलंबाळं बरोबर असतील तर जरूर जा, झाडाखाली निवांत बसता येतं. परतताना सिव्हिक सेंटरला गरम चीला खाल्ला, तांदळाच्या पिठाचा, सोबत टोमॅटोची चटणी. चीला यायची वाट बघताना काकांनी फोन उघडला, बराच वेळ वाचला आणि खिशात ठेवला. आपला चीला त्यांनी अर्धाच खाल्ला. ड्यूटीचा थकवा असेल असं मी समजले.

घरी आलो तर कोपरा ओळखू येईना. डबा कोठीवरून उतरवून नव्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवलेला. माळ नाही, रुमाल नाही. हळदकुंकू घासून काढलेलं, आणि घासल्याचा ओलसर डाग तेवढा उरलेला.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आता काढ फोटो बेटा. मघा बरोबर नव्हता आला."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी वाद घातला असता, हसण्यावारी नेलं असतं. मला इतकी लाज वाटली की मी खरंच फोन काढला आणि त्या बोडक्या डब्याचा फोटो घेतला.

संध्याकाळी जवळच्या भिलाई-३ आणि अहिवाऱ्याहून 'मोहफूल'चे सदस्य मला भेटायला आले. सगळ्यांनी पोस्ट वाचलेली होती, हे त्यांच्या अदबीवरून कळत होतं. अहिवाऱ्याच्या मास्तरांनी एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चुनखडीच्या ट्रकांनी रस्त्यांची कशी वाट लावली ते सांगू लागले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले आणि पोस्ट पुसली. पुसली म्हणजे माझ्याकडून. मालक नसलेल्या जाळ्यात 'हे काढून टाका' अशी विनंती सगळीकडे जाते, मानायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. शिवाय कुणीकुणी तो फोटो उतरवून आपापल्या नावाने लावलाही होता. या स्वातंत्र्याचे गोडवे मी याच ब्लॉगवर गायले आहेत.

सकाळी ऑटोची वाट बघताना मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "मले कावून सांगून राहिली? तिले सांग." काकू दारातच उभ्या होत्या. मी वाकून नमस्कार केला, 'येते' म्हणाले आणि ऑटोत बसले. इतका भ्याडपणा मी आयुष्यात केला नसेल.

भिलाईला जा. थंडीत जा, लोक जीव लावतात. माझ्या फोनमध्ये त्या सहलीचे पुष्कळ फोटो आहेत, पण मी ते कुणाला दाखवत नाही. पुण्यातल्या एका मित्राने परवा गप्पांत उदबत्तीचा विनोद मलाच ऐकवला, तो मूळ कुणाचा हे त्याला माहीत नव्हतं. त्याच दिवशी मी काकूंना फोन लावला. मला कुणाच्या श्रद्धेची टिंगल करायची नव्हती, लोक हसतील असं वाटलं नव्हतं, असं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.

काकूंनी पहिलं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "हासले त हासू दे लोकाइले. पूजा आमची आहे, पुढच्या साली अखीन करू. पण पोस्टवर वेळ दिसते न बेटा. मी पाह्यली. तवा मी तुले वाढून राहिली होती."

"हो काकू," एवढंच मी म्हणाले.