ओढ्याच्या दोन काठांमध्ये

सिबिल गॅरड लोकर कातायची. कापडाचा धंदा बसला, नवरा जहाजावर काम शोधायला गेला तो परतलाच नाही, आणि जमीनमालकानं झोपड्या पाडून तिथं मेंढ्या सोडल्या. तेव्हापासून ही पोटुशी बाई चालतच होती. थांबेल तिथं लोक विचारायचे, "कुणाच्या चाकरीत आहेस? घर कुठंय?" दोन्ही नाही म्हटलं की भटकी, आणि भटकीला चाबूक. एका गावात तिनं तो खाल्लाही होता.

विदरफील्ड गावात पोचली आणि कळा सुरू झाल्या. तिथं दरवर्षी गावातल्याच एकानं हवालदार व्हायचं; त्या वर्षी ती पाळी पाववाल्या अँब्रोजवर आली होती. पिठाच्या हातांनी तो तसाच धावत आला.

"ऊठ बाई. ओढा ओलांडला की पलीकडचं गाव. इथं बाळंत झालीस तर पोर आमच्या गळ्यात पडेल; जन्मेल त्या गावानं पोसायचं, असा कायदा."

"मला चालवत नाही हो."

"चार पावलं फक्त. मी धरतो."

पलीकडच्या काठावर तिथली माणसं काठ्या घेऊन उभी. "ए पाववाल्या, तुझा माल तुझ्याच दुकानात ठेव!" एकजण ओरडला, बाकीचे खिदळले. हा तिला पुढं ढकलायचा, ते मागं लोटायचे. शेवटी ती गुडघाभर पाण्यात मटकन बसली.

अलीकडच्या, विदरफील्डच्या काठावर मार्जरी नावाची म्हातारी राहायची, गावानं दिलेल्या भाकरीवर जगणारी. परकं माणूस घरात घ्यायची तिला मनाई होती. ती तरातरा आली.

"मेल्यांनो, तुम्ही काय आभाळातून पडलात? आण रे तिला आत."

"आजी, तुझी भाकरी बंद होईल," अँब्रोज म्हणाला.

"होऊ दे."

मुलगी झाली. भाकरी खरंच बंद झाली. सिबिलच्या सूतकताईवर तिघींनी हिवाळा काढला. पण तिनं आपलं बांधलेलं गाठोडं कधी सोडलं नाही. बाहेर भुंकण्याचा आवाज आला तरी पोर उचलून दाराशी उभी!

"अगं, कुत्रं आहे ते," म्हातारी म्हणायची, "हवालदार नाही."

वसंतात म्हातारी गेली. लगेच गावकारभाऱ्यांचा निरोप आला: पोर इथं जन्मली, तिला गाव पोसेल, आईनं चालायला लागावं. सिबिल त्या एवढ्याशा खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. इथं ठेवली तर पोरीला खायला मिळेल, जरा मोठी झाली की कुणाच्या तरी घरी राबायला धाडतील. सोबत नेली तर उपास आणि रस्ता. तिनं पोर पाठीशी बांधली.

"ठेव तिला," अँब्रोज हळूच म्हणाला. "माझी बायको बघेल."

"तुम्ही बघाल हो. पण तुमच्यानंतर पाळी कुणाची?"



पुढं बरीच गावं झाली. अखेर कोल्चेस्टरच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या विधवेनं तिला वर्षाच्या बोलीनं गोठ्यावर ठेवलं, आणि ती तिथंच राहिली. आता विचारलं तर सांगायला मालकीण होती, घर होतं; पुन्हा कुणी हाकललं नाही. तरी ती जेवायची मात्र उभ्यानंच. "आई, बस ना," मुलगी म्हणायची.

"बसते गं. हे एवढं झालं की."