चौथ्या ट्रॅकवरची टाळी

भूतबीत, आत्माबित्मा असलं काही मी मानत नाही. कर्जतच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. खरखर आली की वायर तपासायची, अंगारा लावायचा नाही. तरीही ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट लिहितोय. हसायचं तर खुशाल हसा.

खालापूरचे रहीमचाचा कव्वाली गायचे आणि त्यांचे थोरले भाऊ करीमभाई मागे बसून टाळी द्यायचे. बोटातल्या अंगठीमुळे त्या टाळीत 'टिच्' असा बारीक आवाज यायचा. टाळी पडायचीही जराशी उशिरा... पण तिच्यावरच चाचांचा सूर चढायचा. करीमभाई गेले आणि चाचांनी गाणंच सोडलं. उरूस तोंडावर आलेला, त्यांची कव्वाली पार्टी मोडायच्या बेतात.

मला तेव्हा नवंच खूळ लागलं होतं — कव्वालीला सिंथेसायझर आणि रिदम मशीनची साथ. मुंबईच्या मित्राकडून चार ट्रॅकचा, म्हणजे एकाच टेपवर चार आवाज वेगवेगळे भरणारा, रेकॉर्डर आणला. कडावच्या भातगिरणीमागच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून, भिंतींना तुसाची पोती रचली. हातापाया पडून चाचांना एकट्यालाच बसवलं. बाकीची साथ नंतर चढवू म्हटलं.

"आवाज हाय रं माझा, पन मागं कोन हाय?" चाचा म्हणाले.

"मागे मशीन आहे, चाचा."

"मशीन काय दाद देतंय?"

हेडफोन ढिला होता, म्हणून तो दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरून ते गायला लागले. पहिली ओळ झाली आणि थांबले. डोळे भरून आले होते. "नाय जमायचं आता. आमचं गानं संपलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या गडबडीत रेकॉर्डर बंद करायचाही राहिला.

आवरण्याआधी टेप लावून पाहिली. एका ट्रॅकवर मशीन, दुसऱ्यावर चाचा. तिसरा रिकामा. आणि चौथ्यावर, ज्याला माइकच जोडला नव्हता, टाळी. जराशी उशिरा... टिच्.

टेप नवी कोरी, वेष्टन मीच फोडलेलं. खोलीत आम्ही दोघंच.

चाचांची ओळ संपली, तरी टाळी चालूच होती. पुढची ओळ मागत असल्यासारखी, टेप संपेपर्यंत.

चाचा बराच वेळ ऐकत राहिले. मग डोळे पुसून म्हणाले, "त्ये मशीन बंद कर. भाऊ थांबलाय माझ्यासाठी."

रिदम मशीन बंद केलं आणि टेप पुन्हा सुरुवातीपासून लावली. त्या टाळीवर चाचांनी अख्खी कव्वाली गायली आणि मी सिंथेसायझर वाजवला, तिच्यामागून, जराशा उशिरानंच. उरुसातही चाचा गायले, आणि नंतर कितीतरी वर्षं.

रेकॉर्डर मी खोलून पाहिला, जाणकारांना दाखवला. दोष सापडला नाही. आज वाटतं, नाही सापडला तेच बरं झालं.